शून्याच्या किंचित खाली

२८ ऑक्टोबर २०२५, मंगळवार

माळ परत आली. लॅबमध्ये तिला सगळे स्ट्रिंग म्हणतात, मी मनातल्या मनात माळच म्हणतो. लांब काळी केबल आणि तिच्यावर अंतराअंतराने बसवलेले मुगाच्या दाण्याएवढे सोळा सेन्सर. तीन वर्षांपूर्वी मी हातांनी बनवली होती. त्यानंतर दोन वर्षं ती अंटार्क्टिकात, आमच्या स्टेशनमागच्या टेकडीवर, दहा मीटर खोल बोअरमध्ये लटकत होती आणि गोठलेल्या जमिनीचं तापमान टिपत होती. गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे जानेवारीत, वर काढली, मग गोदामात पडून राहिली, आज कुरिअरने मेलबर्नला, आमच्या फुट्स्क्रेच्या लॅबमध्ये पोचली. केबलला चिरा नाहीत, सांधे घट्ट आहेत. दोन वर्षं सासरी राहून आलेल्या मुलीला बघावं तसं तिला उलटसुलट करून बघितलं. तब्येत बरी आहे.

आता तिची तपासणी. तिने जे आकडे पाठवले त्यांवर कुणाचा विश्वास बसत नाहीये. दहा मीटरवर जमीन दोन वर्षांत दोन दशांश अंशांनी तापली, असं ती म्हणते. ऐकायला काहीच नाही, पण इतक्या खोलवर उन्हाळा-हिवाळा जवळपास पोचतच नाही. तिथे दोन दशांश म्हणजे फार.

फिओना, म्हणजे आमची बॉस, चहा घेऊन टेबलापाशी आली आणि म्हणाली, "यतिन, मनापासून सांगते, चूक तुझी निघाली तर मला फार आनंद होईल."

अकरा वर्षं हिच्या हाताखाली काम करतोय. हे बोलणं लागलं. वरून "नो वरीज" म्हणालो.

माळ पास झाली तर त्याच पद्धतीने केलेल्या चार नव्या माळा जहाजावर चढतील. नापास झाली तर चारही इथेच राहणार. पुढचं जहाज पुढच्या उन्हाळ्यात. तोवर बोअर रिकामे, आणि गेलेला हिवाळा काही परत मोजता येत नाही. नव्या माळांची पेटी चौदा तारखेला होबार्ट बंदराला निघायला हवी.

३० ऑक्टोबर, गुरुवार

लॅब नव्या इमारतीत हलते आहे. बर्फाचं मशीन खोक्यात, थंड बाथचा कॉम्प्रेसर मेलेला, प्रमाणित थर्मामीटर स्वतःच तपासणीला सिडनीला गेलेला. फिओना म्हणाली, जुन्या पद्धतीने कर. जुनी पद्धत मला आवडते. शुद्ध पाणी आणि शुद्ध पाण्याचाच बर्फ एकत्र कालवला की त्याचं तापमान शून्य. त्याला सर्टिफिकेट लागत नाही. त्यात सेन्सर बुडवायचे, शून्य दाखवलं तर पास.

म्हणून डिस्टिल्ड वॉटरचे कॅन घरी आणले आणि गॅरेजमधल्या मोठ्या फ्रीझरमध्ये बर्फ लावला. बायकोला, सुखदाला, तिची मटाराची पाकिटं हलवावी लागली.

"घरात इडलीच्या पिठाला जागा नाही आणि तू पाणी गोठवतोयस," ती म्हणाली.

"हे साधं पाणी नाही."

"कळलं. इस्त्रीत घालतात ते."

पिशवीवर लेकीकडून, उर्वीकडून, मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: डॅडचा बर्फ, खायचा नाही. चौदा वर्षांची झाल्यापासून ती माझं कुठलंच काम फुकट करत नाही, पण हे केलं. खाली एक रडणारा पेंग्विनही काढला.

२ नोव्हेंबर, रविवार

आज पॉट आईस्क्रीम. शेजारच्या गंधारने गेल्या खेपेला सांगलीहून लाकडी पॉट आणला, विमानाने, कपड्यांत गुंडाळून. कस्टम्सवाल्याने "हे काय?" विचारलं तर याने तिथेच हँडल फिरवून दाखवलं म्हणे. लाकूड बघून त्यांनी ते बराच वेळ उलटसुलट तपासलं आणि सोडून दिलं.

क्वीन्सलंडचे आंबे बाजारात आले आहेत. हापूस नाही, पण आटवलेल्या दुधात गेल्यावर त्यांनाही आपली पायरी कळते. आमच्या मागच्या अंगणात गल्लीतली पाच-सहा कुटुंबं जमली. पॉटात दूध आणि रस, बाहेरच्या बादलीत बर्फ आणि खडेमीठ, आणि आळीपाळीने हँडल. मला हँडलवरून कुणी उठू देईना. इंजिनिअर ना तू, फिरव.

फिरवताना गंधारने माझ्या कामाचा विषय काढला. तो मेट्रो टनेलवाल्यांकडे सेफ्टी बघतो, त्यामुळे दुसऱ्याच्या कामात खोट काढणं हा त्याचा पेशा आहे.

"अरे, अंटार्क्टिका थंड आहे हे बघायला सरकारचे पैसे कशाला लागतात? मी फुकट सांगतो. थंड आहे."

"हवा नाही, जमीन मोजतो आम्ही. हजारो वर्षं गोठलेली माती. ती किती गोठलेली आहे ते."

"गोठलेली म्हणजे गोठलेली. कमी गोठलेली, जास्त गोठलेली असं असतं का?"

"उणे आठ आणि उणे एक, दोन्ही गोठलेलीच. पण उणे एकवाली काठावर बसलीये."

"हां. म्हणजे माझ्या मेव्हण्यासारखी," गंधार म्हणाला, आणि त्याची बायको मयूरा तिकडून म्हणाली, "ऐकतेय मी."

मध्येच बर्फ संपला. सर्व्होवरून, म्हणजे पेट्रोल पंपावरून, आणलेल्या पिशव्या उन्हाने अर्ध्या झाल्या होत्या. मी उठायला लागलो तर गंधार म्हणाला, "बस तू, लय तोडू नकोस. तुमच्याच फ्रीझरमधला आणतो." आणला. आमच्या किचनमधल्या दोन ट्रेंमध्ये एवढा बर्फ निघाला याचं मला नवल वाटलं. आईस्क्रीम झाल्यावर जेवढा घेतला तेवढा परत भरूनही ठेवला म्हणे. असा शेजारी मिळायला नशीब लागतं.

आईस्क्रीम अप्रतिम. उर्वीने तीन वाट्या खाल्ल्या आणि "इट्स ओके" म्हणाली. हे तिच्याकडचं सुवर्णपदक.

५ नोव्हेंबर, बुधवार

काल मेलबर्न कपच्या घोडाशर्यतीची सुट्टी, म्हणून तपासणी आज. एस्कीत, म्हणजे सहलीच्या थंड पेटीत, बर्फ भरून घरून, टार्निटहून, ट्रेनने गेलो. समोरच्या आजोबांनी एस्कीकडे बघून विचारलं, "काही लागलं का गळाला, मेट?" म्हटलं, नुसता बर्फ आहे. ते सहानुभूतीने म्हणाले, "होतं असं कधी कधी."

बर्फ फोडला, डिस्टिल्ड वॉटर घातलं, खिचडीसारखा दाटसर लगदा केला. सेन्सर बुडवले. स्थिर होईपर्यंत थांबलो.

उणे ०.१२. पहिला, दुसरा, तिसरा, सोळाच्या सोळा. एखाददुसऱ्याचा ०.११. शून्य कुणीच नाही.

दोनदा ढवळलं. तिसऱ्यांदा ढवळलं. उणे ०.१२.

फिओनाला अजून सांगितलेलं नाही. उद्या पुन्हा करतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

त्याच पिशवीतला उरलेला बर्फ नेला, नवं पाणी, नवा लगदा. आकडे तेच. जरा जास्तच वाईट, उणे ०.१३.

दुपारभर कनेक्टर खोलून बसलो. सगळ्या सेन्सरच्या तारा तिथूनच जातात, तिथे गंज चढला असेल तर सगळे सारखेच चुकतील. गंज नाही. तरी पिना पुसल्या. फरक नाही. मग वाटलं, सोल्डर. मग वाटलं, इपॉक्सी. माळ बनवली त्या आठवड्यात मला सर्दी झाली होती आणि मी घाईत होतो असंही आठवलं. खरं म्हणजे सर्दी झाली होती का तेही नक्की नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं. फिओना रागावली नाही, ते जास्त वाईट.

"म्हणजे खरं तापमान आपण समजतो त्याहूनही जास्त आहे?" तिने विचारलं.

"किंवा माळ बेभरवशाची आहे. ती कधी बिघडली ते सांगता येत नाही. पहिल्या दिवशी की गेल्या महिन्यात."

"म्हणजे दोन वर्षांचे आकडे..."

"बाजूला ठेवावे लागतील."

तिने नव्या चार माळांच्या पेटीवर थांबवा अशी लाल चिठ्ठी लावली. पेटी मी गेल्या महिन्यात भरली होती, प्रत्येक माळेभोवती फोम कापून. दारातून बाहेर पडताना ती दिसतेच.

एक विचित्र गोष्ट. फिओना मला धीर देत होती, पण तिच्या चेहऱ्यावर थोडा हलकेपणा होता. आधीच सांगितलं होतं म्हणा, आनंद होईल. बाई शब्दाला पक्की आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

हे सविस्तर लिहायला हवं.

सकाळपासून माझं तोंड उतरलेलं. पोह्यांना चव नव्हती, निदान मला लागली नाही. सुखदा शाळेत गणित शिकवते, नववी-दहावीला. तिने उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारला आणि म्हणाली, "एकदा नीट सांग काय झालंय. परवापासून नुसता उसासे टाकतोयस."

सांगितलं. सोळा सेन्सर, सगळे एकाच बाजूला, एकाच मापाने चुकलेले.

"सगळे? सारखेच?"

"हो ना. म्हणजे माझ्या पद्धतीतच दोष..."

"थांब. माझ्या वर्गात एका पोराचं उत्तर चुकलं तर ते पोराचं. चार पोरांचं एकसारखं चुकलं तर कॉपी. सगळ्या वर्गाचं एकसारखं चुकलं ना, की मी मागे वळून फळा बघते. गणित मीच चुकीचं लिहिलेलं असतं."

"इथे फळा म्हणजे बर्फ. बर्फ शून्यच असतो गं. तो निसर्गाचा नियम आहे."

"निसर्गाचा असेल. फ्रीझर आपला आहे."

मी हसलो. मग गॅरेजमध्ये गेलो, तिला खोटं पाडायला.

पिशवी काढली. तळाशी बर्फ ओलसर होता. इतक्या थंड फ्रीझरमध्ये शुद्ध बर्फ ओला राहत नाही. एक तुकडा तोंडात टाकला.

खारट.

दुसरा टाकला. तोही खारट. फ्रीझरचं झाकण उघडं धरून मी तसाच उभा. मटार वितळत होते बहुतेक. मग कुंपणावरून गंधारला हाक मारली. तो लॉन कापत होता. मशीन बंद करून आला.

"त्या दिवशी बर्फ कुठून घेतलास?"

"गॅरेजमधून. काय सुंदर बर्फ होता यार! काचेसारखा. सर्व्होवाल्याला दाखवायला हवा."

"आणि परत काय भरलंस?"

"बादलीत उरला होता तो. टाकायचा कशाला? मीठ धुऊन टाकलं की मी."

"सगळं?"

"जवळजवळ."

"गंधार, पिशवीवर लिहिलं होतं, खायचा नाही!"

"मग? आम्ही कुठे खाल्ला? पॉटाच्या बाहेर घातला."

इंजिनिअरिंगला पहिल्या वर्षी शिकवतात, पाण्यात मीठ पडलं की गोठणबिंदू खाली जातो. आख्खी दुपार मी त्याच नियमावर हँडल फिरवत बसलो होतो, आणि तो नियम माझ्या लगद्याला लागू होईल हे सुचलं नाही.

गंधारचा चेहरा पडला. "अरे, त्यामुळे काही... नुकसान?" त्याला सगळं सांगितलं. सेफ्टीवाला माणूस एकदम जागा झाला. "हा इन्सिडंट आहे. रिपोर्ट लिही. कारण: शेजारी." मग स्वतःच गाडी काढून वेरिबीला गेला आणि डिस्टिल्ड वॉटरचे इतके कॅन घेऊन आला की दुकानदाराने विचारलं म्हणे, बॅटऱ्यांचा धंदा आहे का.

उर्वी जिन्यावर उभं राहून ऐकत होती. "सो यू ब्लेम्ड अंटार्क्टिका, अँड इट वॉज आईस्क्रीम."

"स्वतःला ब्लेम केलं मी," म्हटलं.

"दॅट्स ईव्हन सॅडर, डॅड." पण खाली येऊन नव्या पिशवीवर लिहून दिलं. आता लिहिलंय: खायचा नाही, घ्यायचा नाही, भरायचा नाही, बघायचाही नाही. सुखदाने फ्रीझरला सायकलचं कुलूप लावलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

शून्य.

०.००, ०.००, उणे ०.०१, ०.००. सोळाही जण शहाण्यासारखे. मी मोठ्याने "येस!" ओरडलो. शेजारच्या खोलीत खोकी बांधणारे दोघे धावत आले, त्यांना वाटलं काहीतरी पडलं.

फिओनाला आईस्क्रीमची गोष्ट सांगितली. हसता हसता तिला खुर्ची धरावी लागली. "मीठ धुऊन टाकलं, जवळजवळ!" असं स्वतःशीच दोनदा म्हणाली. पाककृती लिहून मागितली. मग म्हणाली, आपल्या नियमावलीत एक ओळ घालू: शून्याच्या बर्फाची चव घ्यावी. मी म्हटलं, खरंच घालू. घातली.

मग तिने स्क्रीनवर तो आलेख उघडला. दहा मीटरवरची रेघ, डावीकडून उजवीकडे, हळूहळू वर. मागच्या आठवड्यात तिच्यावर राखाडी पट्टा होता, संशयित म्हणून. तिने तो काढला.

"म्हणजे हे असंच आहे," ती म्हणाली.

"असंच. माळ बरोबर आहे," मी म्हटलं. आवाजात आनंद होता, लपवला नाही.

"बगर," फिओनाने शिवी हासडली, पण हळूच. आणि त्या रेघेचं उजवं टोक मोठं करून बघायला लागली. मी तोवर पेटीवरची लाल चिठ्ठी काढून आलो. गोंदाचा डाग राहिला, स्पिरिटने पुसला.

घरी येताना ट्रेनमध्ये मस्त झोप लागली. टार्निटला कुणीतरी उठवलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पेटी गेली. ट्रक ड्रायव्हरने विचारलं, "आत काय, वाइन?" म्हटलं, थर्मामीटर. "कुणाला ताप आलाय?" तो हसत म्हणाला, आणि सही घेऊन गेला. त्याला काय उत्तर द्यावं ते ट्रक वळणावर दिसेनासा झाल्यावर सुचलं. लिहीत नाही.

संध्याकाळी गंधार-मयूरा जेवायला. गंधारने स्वतःच्या हातांनी मसालेभात केला. मीठ कमी पडलं होतं. सुखदाचं हसू थांबेना.

१७ डिसेंबर, बुधवार

आज पहिली नवी माळ जमिनीत उतरली, जुनी होती त्याच बोअरमध्ये. व्हिडिओ कॉल होता. स्टेशनवरचा तंत्रज्ञ लॉकलन लाल जाकिटात, दाढीवर हिमकण, मागे तपकिरी उघडी टेकडी आणि लखलखीत ऊन. इकडे मेलबर्नला छत्तीस अंश आणि नव्या इमारतीचा एसी अजून जोडलेला नाही. तो तिकडे हातमोजे चढवतोय आणि आम्ही कागदाने वारा घेतोय.

मी सांगत गेलो, तो करत गेला. हळू. गाठ नको. दगडाला घासू नकोस. "यतिन, तू माझ्या आजीसारखा बोलतोस," तो म्हणाला. माळ सरसर खाली गेली, तळाला टेकली. फिओना माझ्या खांद्यामागे उभी. सुखदाची शाळेची टर्म संपत आली आहे, तिलाही मी लिंक पाठवली होती. ती एका चौकोनात होती, मागे स्टाफरूमचं मायक्रोवेव्ह.

तळाच्या सेन्सरचा पहिला आकडा: उणे ६.९. केबल उन्हात पडून होती, गरम आहे. आत जाऊन निवायला एक रात्र लागते, तिथे रात्र नसली तरी.

"बेट लावू," लॉकलन म्हणाला. "उद्या कुठे थांबेल? मी म्हणतो उणे ७.९."

जुन्या माळेचा शेवटचा आकडा तोच होता, ७.९१. फिओना म्हणाली, ती खेळणार नाही. मी म्हटलं, "उणे ८.१."

"८.१ का? जुन्या माळेचा अगदी पहिला आकडा आहे तो."

"असंच. वाटतंय."

"तुझीच माळ, मेट. तिच्याविरुद्ध बेट लावतोयस?"

"लावतोय."

टिमटॅम चॉकलेट बिस्किटांच्या पुड्यावर ठरलं. कॉल संपल्यावर सुखदाचा मेसेज आला: अरे, पण तू जिंकलास तर तुझी माळ खोटी पडेल ना? घरी गेलो तर तिने काकडीची कोशिंबीर केली होती, गारेगार.

१८ डिसेंबर, गुरुवार

सकाळी चहाच्या आधी लॅपटॉप उघडला. आकडा तासातासाने खाली गेला होता, रात्रभर, शिस्तीत. उणे ७.८८ वर थांबलाय, जुन्या माळेच्या शेवटच्या आकड्याहूनही किंचित वर. तिथून हललेला नाही.

माळ चोख काम करते आहे. लॉकलन परतला की टिमटॅम द्यायचे, मोठा पुडा.